जखमेत अळ्या पुन्हा पुन्हा पडतात? क्रमाने हे तपासा

जखमेत अळ्या पडल्या, औषध टाकलं, चार दिवस बरं गेलं आणि पुन्हा तोच वास. गाय, बैल, शेळी, कुत्रा, कुणाच्याही बाबतीत पावसाळ्यात आणि नंतरच्या दमट दिवसांत ही तक्रार सारखी येते. मग दरवेळी औषध बदललं जातं. दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. एक तर पहिल्या अळ्या पुऱ्या निघालेल्या नसतात, नाही तर माशी ज्या कारणाने तिथे बसते ते कारण तसंच राहिलेलं असतं. यातलं नेमकं काय झालंय हे कळलं की पुढचं काम सोपं होतं.

माशीबद्दल एवढं माहीत हवं. आपल्याकडे जिवंत मांस खाणाऱ्या अळ्या मुख्यतः क्रायसोमिया बेझियाना या हिरवट-निळ्या चकचकीत माशीच्या असतात. ही माशी शेणात किंवा उकिरड्यात वाढत नाही. तिच्या अळ्यांना जिवंत जनावरच लागतं. दुपार उलटल्यावर, दिवस मावळायच्या आधी मादी जखमेच्या कोरड्या कडेला १०० ते २५० अंडी एकमेकींना चिकटवून घालते. १२ ते २४ तासांत अळ्या बाहेर येतात आणि डोकं आत, शेपूट बाहेर अशा मांसात शिरतात. साधारण ५ ते ७ दिवसांत पूर्ण वाढल्या की खाली पडून मातीत शिरतात, तिथे कोष करतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवडाभराने नवी माशी उडते. म्हणजे आजच्या जखमेवरची माशी बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या गोठ्यातल्या आधीच्या जखमेतून आलेली असते. गोठा धुऊन काढला तरी तक्रार थांबत नाही, ती यामुळे.

लक्षणं

सगळ्यात आधी वास. साध्या पुवापेक्षा वेगळा, गोडसर-कुजका आणि दोन हातांवरूनही येणारा. जखमेतून पातळ, लालसर-तपकिरी पाणी झिरपतं आणि खालचे केस चिकटून वाळतात. जनावर तीच जागा सारखी चाटतं, पाय आपटतं, मान झटकतं, शेपूट एकाच बाजूला मारत राहतं. शेळी कळपातून बाजूला उभी राहते. कुत्रा अडगळीत, अंधारात जाऊन बसतो.

फसवणारं लक्षण म्हणजे तोंड लहान आणि पोकळी मोठी. वरून वाटाण्याएवढं भोक दिसतं, पण आजूबाजूची कातडी दाबली की पोकळ लागते. आतलं पाणी स्वतःहून हलतंय, बारीक बुडबुडे येतायत असं दिसलं तर अळ्या आहेतच. थोडा वेळ न हलता नीट बघा. पांढुरक्या अळीच्या मागच्या टोकावर दोन काळपट ठिपके असतात, त्यांतून ती श्वास घेते. ते टोक वर येतं, खाली जातं. एकदम टॉर्च मारला तर सगळ्या आत सरकतात आणि जखम रिकामी वाटते.

फुकटची तपासणी: जखम कशाने झाली

हात लावण्याआधी हा प्रश्न विचारा. कुत्रा, कोल्हा किंवा मुंगूस चावल्याची शंका असेल, किंवा चावणारं जनावर कुणी पाहिलेलंच नसेल, तर ही अळ्यांची तक्रार राहत नाही, पिसाळीची (रेबीजची) होते. उघड्या हाताने जखम धरू नका. हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ज्या जनावराला चावा बसलाय त्याला रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी द्यावी लागते, अळ्या निघाल्या तरी. जनावर लाळ गाळतंय, आवाज बदललाय, विनाकारण अंगावर येतंय असं असेल तर जवळही जाऊ नका.

दुसरं बघायचं, ही जखम आहे की गाठ. लंपी या कातडीच्या साथरोगाच्या गाठी अंगभर येतात, सोबत ताप असतो आणि त्यांना मधोमध भोक नसतं. त्या गाठींचं मेलेलं कातडं गळून खड्डा पडला की मात्र माशी तिथे हमखास बसते. याउलट पंजाब, हरियाणा, राजस्थानकडून आणलेल्या जनावराच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, हिवाळ्यात सुपारीएवढ्या गाठी आल्या आणि प्रत्येकीच्या टोकावर बारीक भोक असेल, तर ती हायपोडर्मा माशीची अळी असू शकते. ती पायाच्या केसांवरच्या अंड्यातून निघून शरीराच्या आतून प्रवास करत पाठीच्या कातडीखाली येते. ती गाठ दाबून फोडू नका. अळी आत चिरडली तर तिच्या अंगातल्या द्रवाने जनावराला जोरदार ॲलर्जी होऊन ते जागच्या जागी कोसळू शकतं. तिच्या औषधालाही वेळ साधावी लागते. अळी अन्ननलिकेजवळ किंवा कण्यात असताना मारली तर पोटफुगी किंवा मागचे पाय लुळे पडण्याचा धोका असतो. असं जनावर थेट डॉक्टरांना दाखवा. पुढचं सगळं उघड्या जखमेतल्या अळ्यांबद्दल आहे.

कात्री आणि अर्धा तास

जनावर खोड्यात घाला किंवा दोन माणसांनी नीट धरा. जखमेभोवतीचे केस किमान चार बोटं रुंदीपर्यंत कातरा. हे काम टाळलं जातं आणि तक्रार परत येण्याचं सगळ्यात स्वस्तात टाळता येणारं कारण हेच आहे. अंडी जखमेत नसतात, कडेला आणि केसांवर असतात. आतल्या अळ्या काढून वरती अंडी ठेवली तर दुसऱ्या दिवशी नवी फळी तयार. पांढरट, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, ओळीने चिकटलेली अंडी दिसली की बोथट पात्याने खरवडून कागदावर घ्या. कातरलेले केस आणि अंडी जाळा.

केस कातरल्यावर आजूबाजूला हात फिरवा. आधी न दिसलेलं दुसरं भोक पुष्कळदा इथे सापडतं. दोन्ही भोकं आतून जोडलेली असतात, आणि एकातून औषध घातलं की अळ्या दुसऱ्याकडे सरकतात.

टर्पेंटाइनची पट्टी

टर्पेंटाइन तेल मेडिकलमधून घ्या, रंगाच्या दुकानातलं पातळ करायचं थिनर नव्हे. लांब गॉजची एकच पट्टी तेलात भिजवून घट्ट पिळा, थेंब गळता कामा नये. ती जखमेच्या तोंडात सैलसर भरा आणि शेवटचं टोक बाहेर लोंबतं ठेवा. १० ते १५ मिनिटं थांबा. तेलाने अळ्यांना चरचरतं, हवाही कोंडते, त्यामुळे त्या श्वासासाठी तोंडाकडे येतात. पट्टी ओढली की बऱ्याच तिच्याबरोबर निघतात, उरलेल्या बोथट टोकाच्या चिमट्याने शेपटाकडून धरून हळू ओढायच्या. झटक्यात ओढली तर अळी तुटते आणि अर्धी आत कुजते.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, तेल बाटलीने ओतणं. मग अळ्या वर न येता आतच मरतात, पोकळीत कुजतात आणि चौथ्या दिवशी पू होतो. लोकांना वाटतं अळ्या परत पडल्या. शिवाय चांगलं मांस भाजून निघतं ते वेगळंच. दुसरी, कापसाचे सुटे बोळे भरणं. एखादा आत राहतो आणि ती जखम महिनाभर भरत नाही. म्हणून एकच पट्टी, टोक बाहेर.

टर्पेंटाइन डोळा, नाक, कानाची आतली नळी, योनी, गुदद्वार आणि वासराची नाळ इथे अजिबात नको. कासेजवळही नको, कातडी भाजते आणि दुधाला वास लागतो. मांजराला कुठेच नको. कुत्रा चाटतो, म्हणून त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

फिनाइल, डांबरगोळ्यांची पूड, शेतातलं कीटकनाशक जखमेत घालण्याची सवय अजून गेलेली नाही. ती जीवघेणी आहे. उघड्या मांसातून कीटकनाशक थेट रक्तात जातं. लाळ गळणं, अंग थरथरणं, पातळ शेण, धाप ही विषबाधेची लक्षणं काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात, आणि तोवर जखमेचा प्रश्न दुय्यम झालेला असतो. सीताफळाच्या पाल्याचा ठेचा खेड्यापाड्यांत वापरतात. उथळ जखमेवर त्याने अळ्या बाहेर येतात, पण पोकळीत ठेच्याचे तुकडे अडकतात. डोळ्याजवळ तर पाला किंवा बियांची पूड नेऊच नका.

काढलेली प्रत्येक अळी रॉकेल किंवा उकळत्या पाण्याच्या डब्यात टाका. मातीत फेकलेली पूर्ण वाढलेली अळी मरत नाही, ती कोष करते. आठवड्याने तीच माशी होऊन गोठ्यात येते.

धुणं आणि आत बघणं

१ लिटर पाणी उकळून गार करा, त्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ घाला. २० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने पोकळी धुवा, परत येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. मध्यम जखमेला अर्धा लिटर तरी लागतं. धार जोराची नको, नाही तर उरलेल्या अळ्या आणि घाण आणखी आत जाते. हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्या दिवशी, तेही उघड्या तोंडाच्या जखमेला एकदाच चालेल. रोज वापरलं तर नव्याने भरणारं लाल मांस मरतं. अरुंद तोंडाच्या खोल पोकळीत ते कधीच घालू नका, आत वायू कोंडतो.

धुतल्यावर हातमोजा घातलेलं बोट हळूच आत फिरवा. खिसा कोणत्या दिशेला जातो, टोकाला हाड लागतं का, कडक किंवा टोचणारं काही आहे का, हे बघायचं. काटा, तारेचा तुकडा, हाडाची कपची आत असेल तर ती निघेपर्यंत जखम भरणार नाही.

मग पोव्हिडोन आयोडीन लावा आणि भोवतालच्या कातडीवर माशी बसू नये म्हणून मिळणारं जनावरांचं मलम किंवा स्प्रे. खोबरेल तेलात कापूर विरघळवूनही लावतात. माशी दुपारनंतर अंडी घालते, म्हणून दिवसाची एकच मलमपट्टी जमत असेल तर ती चारच्या सुमारास करा. सकाळी लावलेलं औषध संध्याकाळपर्यंत चाटून, घासून गेलेलं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या अळ्या काय सांगतात

१२ तासांनी, २४ तासांनी आणि ४८ तासांनी जखम उघडून बघायचीच, बरी दिसली तरी. सापडलेल्या अळीच्या आकारावरून चूक कुठे झाली ते कळतं. दुसऱ्याच दिवशी एक सेंटीमीटरहून मोठी अळी दिसली तर ती नवी नाही, एका दिवसात एवढी वाढत नाही. ती काल आत राहिलेली आहे. म्हणजे कुठला तरी खिसा सुटलाय, पुन्हा पट्टी आणि पुन्हा धुणं. दोऱ्यासारख्या बारीक, दोन-तीन मिलिमीटरच्या अळ्या असतील तर अंडी नव्याने घातली गेली आहेत. तेव्हा खिसे शोधत बसू नका. केस, कडा, संध्याकाळचं मलम आणि माशीला बोलावणारं कारण बघा.

वरचं सगळं नीट होऊनही बारीक अळ्या पडत असतील तर मूळ कारण शोधायला लागा.

जागेवरून मूळ कारण

शिंग. बैलाच्या शिंगाच्या बुडाशी अळ्या पडणं वरून साधं वाटतं. मार लागून शिंगाची खोळ निघाली असेल तर ती जखम दोन-तीन आठवड्यांत सुकायला लागते. पण मार लागलेलाच नाही, शिंग एका बाजूला झुकलंय, हलवलं की हलतं, बैल तेच शिंग खुंटावर घासतो आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, तर शिंगाचा कर्करोग धरून चाला. मध्यम वयाच्या बैलांत तो आपल्याकडे पुष्कळ दिसतो. शिंगाची पोकळी कपाळाच्या पोकळीशी जोडलेली असते. तिथे घरी औषध घालणं म्हणजे ते थेट डोक्यात घालणं. अळ्या काढत महिने घालवले तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. शिंग लवकर मुळापासून काढलं तर बैल वाचू शकतो.

खांदा. जू घासून खांदा लागला असेल तर औषध कितीही लावा, बैल जुंपला की कातडी सोलते. नवी कातडी येऊन घट्ट होईपर्यंत बैल सोडा आणि जुवाची खडबडीत बाजू तासून घ्या. वेसण आणि दाव्याचंही तसंच. नायलॉनची दोरी मांसात रुतलेली असते आणि केसांत दिसत नाही, बोटाने चाचपावी लागते.

वासराची नाळ. जन्मल्याबरोबर नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं, आणि सुकेपर्यंत रोज दोनदा लावत राहिलं, तर ही तक्रार उद्भवतच नाही. अळ्या पडल्या असतील तर घरी फक्त बाहेर दिसणाऱ्या अळ्या चिमट्याने काढा. नाळेची वाट पोटात जाते. नाळ जाड लागली, सांधे सुजले किंवा वासरू दूध पीत नसेल तर संसर्ग रक्तात गेलेला असतो.

खुरांची बेचकी. लाळ्या खुरकूत होऊन गेल्यावर, किंवा चिखलात सतत उभं राहून. अळ्या निघाल्यावर कोरडी जागा द्या, आणि जखम भरत आली की मोरचुदाच्या ५ टक्के पाण्यात, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, पाय ५ ते १० मिनिटं बुडवा. मेंढ्यांना ते पाणी पिऊ देऊ नका, तांब्याची विषबाधा त्यांना पटकन होते.

कान. बारा अंकी टॅग पावसाळ्यात मारला असेल तर ते भोक सुकेपर्यंत रोज मलम लागतं. जखम काहीच दिसत नाही आणि तरी कानात, शेपटीखाली, गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर अळ्या पडतात, तेव्हा गोचीड शोधा. गोचीड उपटलेल्या जागेचा रक्ताचा एक थेंब माशीला पुरतो. कुत्र्यात गुंतलेले केस, खरूज आणि कानातला जुना पू ही नेहमीची मुळं.

योनी. अवघड प्रसूतीत फाटलं असेल किंवा वार अडकली असेल तर बाहेरच्या अळ्या हे टोक आहे, आत काय आहे ते हात घालणारा डॉक्टरच सांगू शकतो.

बाकीची जनावरं

एका गाईत दोनदा अळ्या पडल्या तर गोठ्यातल्या सगळ्या जनावरांवर, कुत्र्यासकट, एकदा हात फिरवा. अर्ध्या तासाचं काम आहे. कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी न दिसलेली एक जखम पूर्ण हंगाम माश्या पुरवत राहते. आजारी जनावर बांधतात तिथली वरची दोन-तीन बोटं माती खरवडून जाळा. खच्चीकरण, शिंग जाळणं, टॅग मारणं अशी टाळता येणारी कामं पावसाळा सरल्यावर करा.

इंजेक्शन

आयव्हरमेक्टिन कातडीखाली देतात, वजनाच्या दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्का औषधाचं ५० किलोला १ मिली. लहान अळ्यांवर ते चांगलं चालतं. पूर्ण वाढलेल्या, खोल बसलेल्या अळ्यांसाठी त्यावर विसंबू नका. शिवाय मेलेल्या अळ्या हाताने काढाव्याच लागतात. ते स्वतः टोचू नका. दुधात ते बरेच दिवस उतरतं, म्हणून दुभत्या जनावराला द्यायचं का हे डॉक्टरच ठरवतील. कोली जातीच्या आणि तिच्या संकराच्या कुत्र्यांना ते मेंदूपर्यंत जाऊन मारू शकतं. घोड्याला आणि शेळीला खोल जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

डोळा, नाक, तोंड, कानाची नळी, सड, योनी, गुदद्वार, नाळ, शिंग. पोकळी बोटापेक्षा खोल, हाड दिसतंय, किंवा जखम छातीवर-पोटावर असून श्वासाबरोबर हवा आत-बाहेर होते. चिमटा लावल्यावर रक्ताची चिळकांडी उडाली तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि पुढे काहीही करू नका. जनावराने दिवसभर चारा सोडलाय, उठत नाही, किंवा सकाळच्या गारव्यात मोजलेला ताप गाई-म्हशीत १०३ फॅरनहाइटच्या वर आहे. कुत्रा चावल्याची शंका. आणि नीट काढून, धुऊन तिसऱ्या दिवशीही मोठ्या अळ्या निघतायत.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२. गावातला लहान दवाखाना मलमपट्टीला पुरतो, पण तिथे पदवीधर डॉक्टर असतीलच असं नाही. शिंग काढणं, खोल पोकळी उघडणं यासाठी पदवीधर डॉक्टर असलेल्या दवाखान्यात किंवा तालुक्याच्या सर्वचिकित्सालयात जा. फोनवर जखमेची जागा, किती दिवसांची, जनावर गाभण आहे की दुभतं, आणि आत काय काय घातलंय हे सगळं सांगा. कीटकनाशक घातलं असेल तर तेही, डबा हातात धरून नावासकट, कारण विषबाधेचा उतारा त्यावरून ठरतो.